अर्धी वाटी दूध

स्टँडला ग्लुकोजची बाटली लटकवून झाली होती. सिस्टर शीर शोधत होत्या. मी पलंगाच्या पायथ्याशी डाएटचा कागद घेऊन उभी होते. बोलावं की नाही, ते ठरत नव्हतं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. भिवंडीतल्या एका खासगी रुग्णालयात मी आहारतज्ज्ञ म्हणून नुकतीच लागले होते. रुखसाना सतरा वर्षांची, वडिलांचे लूम, म्हणजे यंत्रमाग. बहिणीच्या लग्नात कुणीतरी तिला जाडी म्हणालं. तेव्हापासून तिनं जेवण कमी करत करत जवळजवळ बंद केलं होतं. याला अ‍ॅनोरेक्सिया म्हणतात. अंगाची हाडं उरली तरी आपण जाडच आहोत असं वाटत राहतं. वजन एकोणतीस किलो.

फार दिवस उपास घडला की शरीर स्वतःची चरबी आणि स्नायू जाळतं. फॉस्फरस, पोटॅशियम, बी-वन जीवनसत्त्व यांचे साठे संपत येतात. अशा वेळी एकदम साखर गेली, तर रक्तात उरलंसुरलं असतं तेही पेशी ओढून घेतात. हृदयाचे ठोके चुकतात, श्वास कमी पडतो. उपाशी राहून तगलेला माणूस खायला मिळाल्यावर दगावू शकतो. कॉलेजात यावर एकच लेक्चर झालं होतं.

"सिस्टर, पाच मिनिटं थांबाल?"

"ऑर्डर सरांची आहे. त्यांना विचारा."

सर, म्हणजे तिचे डॉक्टर, ओपीडीत होते. एरवी मी त्यांच्याशी चिठ्ठीनंच बोलायचे.

"मिस, तुमचं खातं मऊ भाताचं," माझं ऐकून ते वर न बघताच म्हणाले. "बाटल्या आम्ही बघतो."

"सर, तिचं पोटॅशियम किती आहे?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. तपासलंच नव्हतं.

बाटली उतरली. पोटॅशियम बरंच खाली निघालं. फॉस्फरससाठी रक्त मुंबईला पाठवावं लागे, रिपोर्ट तिसऱ्या दिवशी. तोवर बी-वनचं इंजेक्शन, पोटॅशियमचं औषध आणि दोन-दोन तासांनी अर्धी वाटी साय काढलेलं दूध. दुधात फॉस्फरस असतो.

वडील भडकले. "मॅडम, पोर सुकत चालली आणि तुम्ही बाटली काढता? संध्याकाळी कोन गावावरून सगळे पाहुणे बघायला येतील. बाटली न्हाय, जेवण न्हाय. मग पोरीला काय इथं झोपायला आणलंय?"

आईनं शिऱ्याचा डबा परत पिशवीत ठेवला.

खूश होती ती एकटी रुखसाना. मी वाटी घेऊन गेले की हसायची. "मॅडम, एवढंच ना? उद्या पण एवढंच?"

"बघू," मी म्हणायचे. ही माझी चूक. तिला वाटलं, हिला आपलं पटतं.

तिसऱ्या दिवशी फॉस्फरस कमी आला. सरांनी त्याचंही औषध सुरू केलं. मी दूध वाढवणं पुढे ढकललं. सहाव्या दिवशी दुसरा रिपोर्ट चांगला आला आणि मी पूर्ण वाटी नेली.

रुखसानानं वाटीकडे पाहिलं. "तुम्ही पण त्यांच्यातल्याच."

"हो."

"न्हाय पिणार."

मी स्टूल ओढलं. मला समजूत घालता येत नाही, म्हणून नुसती बसले. दूध थंड झालं. पाऊण तासानं तिनं विचारलं, "तुम्हाला दुसरं काही काम न्हाय काय?"

"आहे."

मग तिनं दूध संपवलं. माझ्याकडे न बघता.

पाच आठवड्यांनी ती घरी गेली. वजन चौतीस किलो, सोबत ठाण्याच्या मानसोपचारतज्ज्ञांच्या नावे चिठ्ठी. सर त्यानंतर अशा पेशंटला बाटलीआधी पोटॅशियमची तपासणी सांगू लागले. मला 'मिस' म्हणणं मात्र त्यांनी सोडलं नाही.

मीही त्यानंतर पहिल्याच दिवशी आहाराचा पूर्ण तक्ता पेशंटच्या हातात द्यायला लागले. आज कमी का आणि ते कधी वाढणार, दोन्ही एकाच कागदावर. 'बघू' हा शब्द त्यात नसतो.