अकरा वाजताची सभा

कंपनी उघडायला आम्हाला दीड महिना लागला. बंद करायला सात वर्षं लागली, आणि त्यातली साडेसहा निव्वळ मानापानात गेली. चूक माझी होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं सांगताना मी स्वतःला पाठीशी घालायला बघीन. माझा स्वभावच तसा आहे.

आम्ही दोघंच होतो. मी वैजापूरकडचा, घरी कापसाची शेती. तो छावणीतला, वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान. कॉलेजात एका बाकावर बसलो आणि नोकरीच्या मागं न लागता चिकलठाण्याला एक शेड भाड्यानं घेऊन औषधाच्या बाटल्यांची झाकणं करू लागलो. पुढं एक मोठं गिऱ्हाईक म्हणालं, प्रायव्हेट लिमिटेड असाल तरच माल घेऊ. म्हणून कंपनी झाली आणि आम्ही दोघं डायरेक्टर झालो. मी बोलणारा, तो वाचणारा. टेम्पोची पावतीसुद्धा तो खालच्या बारीक अक्षरांसकट वाचायचा. मी ओरडायचो, "अरे, गाडी थांबलीय, कर ना सही." तो सावकाश चष्मा पुसायचा आणि म्हणायचा, "पढे बगैर मैं सही नै करता." मी मात्र ढिगानं सह्या करायचो. काय लिहिलंय ते तो बघेल, हा माझा भरवसा.

दुपारी त्याच्या घरून दोघांचा डबा यायचा. भाभींच्या हातची खट्टी दाल मी वीस वर्षं खाल्ली. मला तिखट लागतं म्हणून वेगळ्या पुडीत दोन तळलेल्या मिरच्या असायच्या. त्या पुडीत कधी खाडा झाला नाही.

मग मोठं गिऱ्हाईक गेलं आणि काम आटत गेलं. तो आईच्या दवाखान्यासाठी पंधरा दिवस हैदराबादला गेला असताना मी आमचं पहिलं मशीन विकून टाकलं. विचारलं असतं तर तो नाहीच म्हणाला असता, म्हणून विचारलं नाही. परत आल्यावर तो शेडमध्ये शिरला आणि फरशीत उरलेल्या चार बोल्टांकडं बघत उभा राहिला. नंतर त्यानं शेडची किल्ली टेबलावर ठेवली. "पूछा भी नै," एवढंच म्हणाला आणि गेला. तो भांडला असता तर बरं झालं असतं.

माणूस मेला की तेराव्यापर्यंत सगळं आटोपतं. कंपनीचं तसं नसतं. काम थांबलं, शेड सोडली, तरी सरकारदरबारी ती जिवंतच असते. वर्षाला चार वेळा डायरेक्टरांची सभा व्हावी लागते, कागद भरावे लागतात. आता आमच्यासारख्या दोन माणसांच्या कंपनीत सभा घेतो कोण? सीएच्या ऑफिसातला कारकून वर्षाअखेरीला एका बैठकीत चारही सभा लिहून काढायचा. तारीख अमुक, वेळ सकाळी अकरा, दोन्ही डायरेक्टर हजर, अध्यक्षांचे आभार मानून सभा संपली. मग ते रजिस्टर सहीसाठी आधी माझ्या घरी यायचं आणि माझ्याकडून छावणीत जायचं. आम्ही एकमेकांचं तोंड बघत नव्हतो, आणि कागदावर मात्र दर तीन महिन्यांनी भेटत होतो.

या अबोल्याच्या तिसऱ्या वर्षी भाभी गेल्या. बातमी सकाळीच कळली. बायको म्हणाली, चला. मी चप्पल घातली, कोपऱ्यापर्यंत गेलो आणि कोणत्या तोंडानं जायचं म्हणून परत फिरलो. ती एकटी जाऊन आली आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. जिच्या हातचं मीठ खाल्लं तिच्या मय्यतीला मी गेलो नाही. याला माझ्याकडं कसलंही कारण नाही, आणि मला त्याची लाज वाटते.

शेवटी सीएनंच फोन केला. "साहेब, तुम्ही दोघंबी साठीच्या पुढं गेलात. उद्या एकाचं काही बरंवाईट झालं तर दुसऱ्याच्या नाकी नऊ येतील. कंपनीचं नाव काढून टाकू." त्यानं काय काय लागतं ते सांगितलं. आधी बँकेचं खातं बंद करायचं आणि राहिलेली विवरणपत्रं भरायची. मग कंपनीकडं काही शिल्लक नाही आणि कुणाचं काही द्यायचं नाही, असा सीएचा दाखला. दोन्ही डायरेक्टरांची स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्रं आणि हमीपत्रं. बंद करण्याचा ठराव. हे सगळं रजिस्ट्रारकडं गेलं की ते जाहीर नोटीस काढतात, आणि कुणाची हरकत आली नाही तर नाव खोडतात. पाचसहा महिने मी हेच करत होतो. सह्यांपर्यंत आल्यावर विचारलं, "त्याचे कागद छावणीत पाठवू का?" सीए म्हणाला, "यावेळी नाय जमणार. नोटरीसमोर दोघं पायजेत."

मला बरंही वाटलं आणि धास्तीही वाटली. कंपनी मिटली की त्याला भेटायला निमित्तच उरणार नव्हतं. भाभींच्या वेळी गेलो नाही त्याची माफी मागायची ती त्याच दिवशी, नाहीतर कधीच नाही.

सीएच्या ऑफिसात तो माझ्याआधी येऊन बसला होता. वाळला होता, दाढी पांढरी झाली होती. "कसा आहेस?" मी विचारलं. "चाललंय," तो म्हणाला. नोटरी आला. मी माझ्या सह्या दोन मिनिटांत उरकल्या. त्यानं चष्मा पुसला आणि पहिल्या कागदापासून वाचायला सुरुवात केली. तास गेला. नोटरी दोनदा घड्याळ बघून खोकला. मी मनात वाक्य जुळवत होतो आणि ते काही जुळत नव्हतं.

प्रतिज्ञापत्र झालं, हमीपत्र झालं, नोटरी शिक्के मारून गेला. मग त्यानं सभांचं रजिस्टर ओढलं आणि मागं मागं पानं उलटत एका पानावर थांबला. रजिस्टर माझ्याकडं फिरवलं आणि तारखेवर बोट ठेवलं. भाभी गेल्या तो दिवस होता. वेळ सकाळी अकरा, दोन्ही डायरेक्टर हजर. खाली माझी सही, तिच्याखाली त्याची.

कारकुनाला काय माहीत, त्यानं रविवार तेवढा टाळला असेल. मी तर न वाचताच सही केली होती.

"पण तू तर वाचतोस," मी म्हणालो.

"वाचलं ना."

"मग सही कशाला केलीस?"

त्याचं बोट तारखेवरून हललं नाही. "अकराला घरात तिला आखरी गुस्ल, शेवटची आंघोळ घालत व्हते. मी भायेर बसलो व्हतो. गल्लीत कुणी बी आलं की बघायचो, तू आलास का म्हणून. मग सालभरानं हे रजिस्टर आलं. यात लिहिलं व्हतं, अकराला तू माझ्यासंगं व्हतास. झूठ व्हतं. पर खोडू नाय वाटलं."

जुळवलेलं वाक्य गेलं कुठल्या कुठं. "मी यायला पाहिजे होतं," एवढंच निघालं तोंडातून.

"व्हय," तो म्हणाला. "पायजे व्हतं."

मग त्यानं रजिस्टरची पानं पुढं उलटली. शेवटच्या सभेचं पान तयार होतं, कारकुनाच्या सवयीनं त्यातही सकाळचे अकरा. त्यानं पेन घेऊन अकरा खोडले, भिंतीवरचं घड्याळ बघितलं आणि बारा चाळीस लिहिले. "ही एक तरी झालीय," म्हणाला आणि सही केली. मग रजिस्टर माझ्यापुढं सरकवलं. मी पेन टेकवणार तेवढ्यात त्यानं पानावर हात ठेवला.

"आधी वाच."

मी वाचलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा अख्खं पान वाचलं. शेवटची ओळ तीच होती, आभार मानून सभा संपली. मी सही करून वर बघितलं तेव्हा तो जिना उतरत होता.