रथसप्तमी ते सोळा फेब्रुवारी

नवसाबाईंना मी ओळखत होतो असं म्हणायला मला संकोच वाटतो. दोन वर्षं आम्ही एकाच इमारतीत राहिलो, त्या तळमजल्यावर आणि मी त्यांच्या बरोबर वर. पण त्यांचं माहेर कुठलं, मुलं किती, नवरा कधी गेला, यातलं मी काही विचारलं नाही. मला विचारता येत नाही. पायाच्या अंगठ्यात दोरा अडकवून त्या दारात झेंडूचे हार करत, मी पिशवी घेऊन पुढून जात असे, एवढीच ओळख. तरी लिहितोय, कारण इमारतीत अजून म्हणतात, म्हातारीचं नशीब चांगलं. नशीब नव्हतं ते.

आमच्या इमारतीला बिल्डरनं एका खासगी कंपनीचा गॅस जोडून दिला होता. मागच्या शेडमध्ये कंपनीचे मोठे सिलिंडर, तिथून घरोघरी नळी आणि मीटर. करार दोन वर्षांचा. शेवटच्या महिन्यात लेखी कळवलं तर मुदत संपल्यावर माणूस मोकळा. नाही कळवलं तर आपोआप आणखी दोन वर्षं. मुदतीआधी मीटर बंद केला तर नऊ हजार दंड. पुढे रस्त्यावरून शहराच्या गॅसची पाइपलाइन आली, तो गॅस स्वस्तही होता. पण सोळा घरांतलं कोणी हलेना. सगळे दंडाला भ्यायले होते.

हलल्या त्या नवसाबाई. "ह्या गॅसवर भाकरी फुगत नाय," एवढंच त्यांचं कारण. त्यांनी सगळ्यांना सांगून टाकलं, "रथसप्तमीला मी ह्या घरात दूध उतू घातलं, त्याच दिवशी करार केला. ह्या रथसप्तमीला दोन वर्षं भरली. दुसऱ्या दिवशी ह्यांचा मीटर बंद!"

मी सातपूरच्या एका कारखान्यात तीस वर्षं हजेरी लिहिली आहे. जुनी कॅलेंडरं टाकवत नाहीत. दोन हजार चोवीसचं काढून बघितलं. त्या वर्षी रथसप्तमी सोळा फेब्रुवारीला होती. यंदा ती पंचवीस जानेवारीलाच येत होती. करार तारखेनं चालतो, म्हणजे मुदत पंधरा फेब्रुवारीपर्यंत होती. बाई तिथी मोजत होत्या आणि तीन आठवडे आधीच बाहेर पडणार होत्या.

हे मला चार दिवस आधी कळलं होतं. मी बोललो नाही. वाटलं, आपलंच काही चुकत असेल.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं, पार्किंगमध्ये जिलेबी वाटणं चालू होतं. तेवढ्यात कंपनीचा बंटी फॉर्म घेऊन आला. "मावशी, इथं सही करा. ग्राहकाच्या विनंतीवरून आज बंद."

बाईंनी जिलेबीचे हात पदराला पुसले आणि पेन घेतलं.

"आज नको," मी म्हणालो. ते फक्त बंटीला ऐकू गेलं.

"काका, तुम्ही जिलेबी खा ना."

"काय म्हनले अण्णा?" बाईंनी विचारलं.

मग मी पुन्हा म्हणालो. तिथी, तारीख, पंधरा फेब्रुवारी, नऊ हजार, सगळं अडखळत सांगितलं. त्यांनी रेशनकार्डाच्या पिशवीतून करार आणला. मी तारीख वाचली. त्या बंटीकडे वळल्या.

"तुला ठाऊक व्हतं?"

"मावशी, तुम्हीच तर बोलावलं."

"मी इचारलं ते सांग."

बंटी झेंड्याकडे बघू लागला. "तुम्हाला घाई होती म्हणून..."

"घाई माझी, लबाडी तुझी. सही सोळा तारखेला. आता जिलेबी खा अन् जा."

त्यांच्या उंबऱ्यावर बसून मी कंपनीला पत्र लिहिलं. तीन ओळींसाठी चार कागद फाडले. दुसऱ्या दिवशी बाई स्वतः जाऊन पोचेचा शिक्का घेऊन आल्या.

त्याच्या दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या गॅसची आच बारीक झाली. बंटी फोनवर म्हणाला, "प्रेशर कमी आहे. नाहीतर आजच बंद करून टाका." बाईंनी फोन ठेवला आणि पाण्याच्या टाकीजवळ तीन विटा मांडल्या.

सोसायटीचे सेक्रेटरी मनोज धावत आले. "मावशी, इथं चूल पेटवायची नाही. नियम आहे."

"कुठं लिव्हलाय? दाखव. आता माझ्याकडं वाचणारा मानूस हाय," म्हणून त्यांनी माझ्याकडे बोट केलं. मला जिन्यात पळून जावंसं वाटलं. मनोज नियम शोधायला गेले, ते परत आले नाहीत.

जवळजवळ तीन आठवडे बाईंनी तिथंच भाकरी केली. लोक गॅलरीतून बघायचे. भाकरी टम्म फुगायची. सकाळचा चहा मात्र त्या मुद्दाम कंपनीच्याच गॅसवर करत. तासभर लागायचा. "मी सोडून गेले असं म्हनाया त्यांना जागा नगं," त्या म्हणायच्या.

सोळा तारखेला बंटी आला. मीटर बंद केला, फॉर्म भरला, दंडाच्या रकान्यापुढे रेघ मारली.

"रेघ नगं. शून्य लिव्ह," बाई म्हणाल्या. त्यानं लिहिलं. "आता अण्णा, मोठ्यानं वाचा."

मी वाचलं. तिसऱ्या मजल्यावर ऐकू गेलं म्हणतात. त्या आठवड्यात अकरा घरांतली माणसं आपापला करार घेऊन माझ्याकडे तारीख बघायला आली. त्यांतलेच काही आज नशीब म्हणतात.

एप्रिलच्या शेवटी बाई चांदवडला भाचीच्या लग्नाला गेल्या आणि तिथंच झोपेत गेल्या. निघाल्या त्या सकाळी मी पिशवी घेऊन दारापुढून चाललो होतो.

"अण्णा, नव्या गॅसचा मानूस आला तर मीटरचा आकडा सांगा त्याला. किल्ली घ्या."

"परत कधी येणार?"

"एकादशीच्या आत."

"तारीख सांगा, बाई."

त्या हसल्या. "ती तुमीच बघा कॅलेंडरात."