मावशीच्या कानबाईचा नारळ

हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. तुम्हाला का सांगतोय? कोण जाणे.

जळगावच्या बाहेर, हायवेला ते बिझनेस पार्क आहे ना, त्याला नवं रूप मी दिलं. जुना लोगो म्हणजे निळी काच नि बाण—सुरतेत लावा नाहीतर पुण्यात, काय फरक? मालकांना खान्देशी काहीतरी हवं होतं. मी म्हणालो, कानबाई. आपली श्रावणातली देवी—नारळावर डोळे, नाकात नथ. सगळे खूश. मीही स्वतःला फार शहाणा समजत होतो.

फोटोसाठी नारळ कुठला? पाचोऱ्याच्या मावशीचा. तिच्या सासूच्याही सासूपासून चालत आलेला, फक्त श्रावणात डब्यातून बाहेर निघणारा. अवेळी बाईला उठवायला मावशी तयार नव्हती. मी गोड बोललो. शेवटी बाईची माफी मागून तिनं तो माझ्या हातात दिला.

आणि मी—नथ सरळ करताना—तो पाडला. फरशीवर तुकडे. आत नुसती काळी पूड.

मग काय केलं? बाजारातून नवा आणला. हळद, कुंकू, तेल, वर कॉफीची पूड चोळली. नव्याला जुनं दाखवणं हा तर माझा धंदाच. मावशीनं तो छातीशी धरला नि हसली. “बाई जड लागस रे भाऊ. मानपान भेटना ना तिले.”

मान मिळाला म्हणून कसली जड? आत पाणी होतं, दुसरं काय. श्रावणात भर पूजेत नारळ तडकला, चौरंगावर घाण पाणी वाहिलं. मग घरानं कारण शोधलं—सून, सुरेखावहिनी. विटाळात हात लावला असणार. तेव्हापासून तिला बाईपुढे येऊ देत नाहीत. सगळ्या जणी आत गाणी म्हणतात, ती बाहेर ओट्यावर बसून ऐकते.

मी कुठे होतो तेव्हा? तिथेच. प्रसादाचे रोट खात होतो. तोंड उघडायला काय झालं होतं मला?

वहिनी त्याच पार्कात नोकरीला आहे. गळ्यातल्या ओळखपत्रावर माझी कानबाई. गेटवरचे ते डोळे चुकवायला मी आता वळसा घालून जातो.

मागच्या श्रावणात तिनं ओट्यावर मला थांबवलं. “भाऊजी, मी खरंच हात लावला नव्हता. तुम्हाला तरी पटतं ना?”

“जाऊ द्या हो वहिनी,” मी म्हणालो, नि आत जेवायला गेलो. पटतं, एवढंसुद्धा म्हणालो नाही.