माऊसचा पाळणा

जळगावात आमच्या वरच्या मजल्यावरचा गृहस्थ पुण्याच्या कंपनीचं काम घरून करतो. माऊस थांबला की कंपनीच्या लेखी तो गैरहजर. पण येरझाऱ्या घातल्याशिवाय याचं डोकं चालत नाही. म्हणून पठ्ठ्यानं माऊस सुतळीनं पोरीच्या पाळण्याला बांधला. दुपारभर पोरीची आई झोके देते, हा गच्चीत फिरतो. मी दिसलो की डोळा मारतो, "मी कामावर शे ना, भो!"

मग पोरीचा पाळणा सुटला. साहेबांचा फोन आला, "दुपारचं काम का घटलं?"

"पोरगी चालायला लागली, सर."

साहेबांनी अभिनंदन केलं.

माझं नुकतंच लग्न झालंय. तो रोज जिन्यात गाठून काकुळतीनं विचारतो, "भो, तुमच्याकडे पाळणा कधी हलणार?"