किडन्या ठणठणीत

सदाशिव पेठेतल्या आमच्या इमारतीत कुणाचाही रक्ताचा रिपोर्ट आला, की डॉक्टरांच्या आधी तो गोपाळकृष्ण परांजपे वाचायचे. बँकेतून निवृत्त झालेला माणूस. आकडा दिसला की चष्मा चढलाच. डॉक्टर लोक उगाच घाबरवतात हे त्यांचं ठाम मत, आणि ते ऐकवायला कुणी विचारायची वाट बघत नसत.

त्यांची बायको सुनीतीबाई. गुडघे धरलेले, त्यामुळे दुखण्याची गोळी रोजची. गुरुवार, चतुर्थी, एकादशी, सगळे उपास कडक. त्या दिवशीही गोळी घ्यायच्या, रिकाम्या पोटी. कधी तक्रार नाही म्हणून आम्ही सगळे त्यांचं कौतुक करायचो. त्या कौतुकाची मला आता चीड येते.

मुलगा केयूर हिंजवडीला आयटीत. त्याच्या कंपनीने आईवडिलांच्या तपासणीचं पॅकेज दिलं आणि मुलाचं कर्तव्य तिथेच संपलं. सुनीतीबाईंचं हिमोग्लोबिन बरंच उतरलेलं, युरिया वाढलेला, क्रिएटिनिन मात्र नॉर्मल. गोपाळरावांनी निकाल दिला: किडन्या ठणठणीत, पाणी कमी पितेस, आयर्नच्या गोळ्या घे. पुढे शौचाला काळं व्हायला लागलं, तेव्हा बाईंनी डॉक्टरांकडे जाऊ या का म्हणून विचारलं. आयर्नने काळं होतंच, असं उत्तर मिळालं. आता ते होतंही. तिथेच घात झाला.

एका एकादशीला सकाळी त्यांना रक्ताची उलटी झाली. मीच गाडी काढली. हॉस्पिटलमधल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी जुना रिपोर्ट पाहिला आणि कपाळाला हात लावला. पोटात रक्त झिरपत असलं की ते आतड्यात पचतं आणि युरिया वाढतो, क्रिएटिनिन जागेवरच राहतं. त्यात हिमोग्लोबिन कमी, म्हणजे तेव्हाच दुर्बिणीने तपासायला हवं होतं. दुखण्याच्या गोळ्यांनी जठरात झालेली जखम वेळेत सापडली असती.

"हा रिपोर्ट कुणालाच दाखवला नाहीत?" त्यांनी विचारलं.

गोपाळराव भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले. सुनीतीबाईंना धड बोलवत नव्हतं.

"राहून गेलं हो," त्या म्हणाल्या. "माझीच चूक."

गोपाळरावांनी मान डोलावली. संध्याकाळी बाई गेल्या.

तेराव्याला पंगत बसली होती. कुणीतरी विचारलं, इतकं अचानक कसं झालं? गोपाळराव पंगतीतून आग्रह करत फिरत होते, ते थांबले.

"काय सांगू तुम्हाला. दुखणं अंगावर काढायची सवयच होती तिला."

मी भरल्या पानावरून उठलो.