मिठाची पिवळी ज्वाळा

चुलीत मीठ पडले की आधी तडतड होते, आणि मग क्षणभर ज्वाळेची तांबडी जीभ हळदीसारखी पिवळी होते. तो रंग पाहिला की मी चुलीपासून मागे सरतो. वाचका, एवढ्याशा ज्वाळेला भिणारा मनुष्य तू पाहिला नसशील. आणि तो मनुष्य आमच्या कुणबी घराण्यातला पहिला पदवीधर आहे, हे ऐकून तर तुला हसूच येईल!

मुंबईच्या कॉलेजात आमच्या गुरुजींनी तिकोनी काचेतून हाच पिवळा रंग दाखवला होता. मिठातल्या द्रव्याची ती खूण सूर्यकिरणांतही सापडते, आणि विलायतेतल्या ज्योतिर्विदांनी आता दूरच्या ताऱ्यांचा प्रकाश उकलून त्यांतही तेच द्रव्य, तेच लोखंड ओळखले आहे! जिथे मनाचीही धाव थकते त्या तेजोगोलांच्या उदरात आपल्या चुलीतले मीठ! त्या दिवसापासून माझे पाय जमिनीला लागेनात.

तसाच मी बार्शीटाकळीजवळच्या आमच्या गावी परतलो. अमेरिकेत भाऊ भावावर बंदूक रोखून उभे होते, आणि त्यांच्या भांडणापायी तिकडचा कापूस अडून आमच्या काळ्या रानातल्या बोंडांना कधी नव्हे तो भाव आला होता. अकोल्याच्या बाजारात गाड्यांची रीघ. पहाटेच निघावे, तर पुढचा नंबर. माझा धाकटा भाऊ सुखदेव गाडी भरून तयार होता. सांजेला मायने त्याच्यावरून मीठमोहऱ्या उतरवून चुलीत टाकल्या, ज्वाळा पिवळी झाली, आणि माझी विद्या उतू गेली. सुखदेवाने सारे ऐकून घेतले. म्हणाला, "सूर्यात बी मीठ हाय म्हंतं तू, त त्याची नजर कोन उतरवते, दादा?" माय पदराआड हसली. मला ते झोंबले.

ती भाकरी बांधायला बसली आणि आम्ही दोघे अंगणात आलो, तेव्हा त्याने कामाचे विचारले. आमच्याकडे शुक्राची चांदणी उगवली की गाडी जुंपतात. नदीच्या उतारावर पोचेतो दिसू लागते. पण कधी कधी दुसरीच एखादी चांदणी अपरात्री तशीच झगमगत वर येते आणि पहाट झाली असे भासवून वाटसरूला फसवते. तिला चकवा चांदणी म्हणतात. "दोन दिसापासून जे उगवून राहिली ना, ते मले चकवाच वाटते. तू शिकेल हाय, सांग बरं." मी मान वरसुद्धा केली नाही. म्हटले, एवढे तेज दुसऱ्या कोणाचे असणार? शुक्रच तो. नीघ खुशाल.

त्याने मानले आणि ती चांदणी उगवताच गाडी जुंपली. दादा शिकलेला होता ना!

नदीवर पोचला तेव्हा काळोखच होता. गाडी दरडीवरून कलंडली. उजाडल्यावर मागून आलेल्या गाडीवानांनी कापसाचे बोजे बाजूला केले, तेव्हा त्याच्या पापण्यांवर रुई चिकटलेली होती.

तेरावा झाल्यावर एका सांजेला सहज पश्चिमेकडे पाहिले. बाभळीच्या शेंड्यावर शुक्र होता, शुभ्र, संथ, निर्विकार. पंचांग काढले. गेले कित्येक आठवडे तो सांजेलाच दिसत होता. मग पहाटे उगवणार कुठून? आमचे लोक सांजेची चांदणी वेगळी आणि पहाटेची वेगळी समजतात. दोन्ही एकच, हे परीक्षेत लिहून मी गुण मिळवले होते! आणि सुखदेव विचारत होता तेव्हा ती त्याच बाभळीवर, आमच्या समोर, लटकत होती. ताऱ्याच्या पोटातले लोखंड सांगणाऱ्याला दारातला ग्रह ओळखू येऊ नये? विद्येला कशाला बोल लावू? तिने कुठे सांगितले होते, वर पाहू नकोस म्हणून?

मायला हे मी सांगितलेले नाही. ती म्हणते, "चकव्यानं नेला माह्या लेकाले." त्या बिचाऱ्या चांदणीने माझा अपराध आपल्या माथी घेतला आहे.

आता मी अमरावतीच्या शाळेत मास्तर आहे. सुटी संपून निघालो की माय माझ्यावरून मीठ उतरवते. चूल पिवळी होते. मग ती विचारते, "पाह्य बरं बावा, चांदणी खरी हाय का? तुले त समदं कयते."

मी अंगणात जाऊन उभा राहतो. आभाळभर माझ्या ओळखीचे मीठ जळत असते. मी हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. पूर्व पांढरी होऊन शेवटची चांदणी विरेपर्यंत मी कोणालाच गाडी जुंपू देत नाही.