निरोप भेटला का?

कॉम्प्युटरवरून निरोप धाडला की दौलतनाना खुर्चीतून उठायचे, डोक्यावरची टोपी सारखी करायचे आणि ज्याला निरोप धाडला त्याच्या टेबलापर्यंत चालत जाऊन विचारायचे, "निरोप भेटला का?" समोरचा म्हणायचा, "भेटला, नाना." मग नाना जरा वेळ तिथेच रेंगाळायचे. पोराचा ताप उतरला का, म्हातारीला दिसायला लागलं का, असं काहीबाही विचारायचे आणि परत येऊन एका बोटाने पुढचा निरोप लिहायला घ्यायचे. चालणं वाचावं म्हणून आणलेल्या यंत्रामुळे नाना पहिल्यापेक्षा जास्त चालायला लागले, असं सगळे हसून म्हणायचे. मीही म्हणायची, आणि ते यंत्र लोकांच्या गळी उतरवायचं काम तर माझंच होतं.

नव्वदचं दशक तेव्हा उतरणीला लागलं होतं. जळगावच्या एमआयडीसीत प्लॅस्टिकच्या चटयांचा एक कारखाना होता. त्याच्या ऑफिसात धाकट्या शेठनी पुण्याहून आठ कॉम्प्युटर आणून आठ टेबलांवर मांडले आणि एका तारेने जोडून घेतले. ऑर्डर घेणाऱ्याने एकदा लिहिलं की स्टोअर, पॅकिंग, डिस्पॅच सगळ्यांना एकदम दिसावं, चिठ्ठ्यांची धावपळ संपावी, असा बेत होता. ते शिकवायला मला ठेवलं. मी धुळ्याची, नुकताच डिप्लोमा झालेली, जळगावात मावशीकडे राहणारी. धाकट्या शेठनी पहिल्याच दिवशी बजावलं, "दिवाळीपर्यंत लोक वापरायला लागले तर ठीक. नाहीतर यंत्रं परत जातील आणि तुम्हालाही ठेवून घेता येणार नाही." गंमत म्हणजे घरी वडिलांनीही दिवाळीचीच मुदत दिली होती. नोकरी टिकली तर टिकली, नाहीतर धुळ्याला परत यायचं आणि स्थळं बघायला लागायचं. स्थळांची यादी आईकडे तयार होती.

शेठनी परिपत्रक काढलं, मी फळ्यावर खडूने बाण काढून शिकवलं, लोकांनी माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी बघते तर आठातल्या सात कॉम्प्युटरांवर भरतकाम केलेले रुमाल घातलेले. धूळ बसू नये म्हणून. निरोप पूर्वीसारखेच चिठ्ठ्यांवरून चालू होते. या चिठ्ठ्या म्हणजे नानांचं राज्य. ते डिस्पॅचचे प्रमुख. रोज अमळनेरहून पॅसेंजरने अप-डाऊन करायचे, पांढरा पायजमा-सदरा, कानावर पेन्सिल. जुन्या कॅलेंडरच्या पानांचे ते सारखे तुकडे कापून ठेवत आणि त्यावर लिहीत. कारखान्यात नानांइतकं जुनं दुसरं कोणी नव्हतं, त्यामुळे नाना करतील ते सगळे करायचे आणि नाना करणार नाहीत ते कोणीच करायचं नाही.

मला नाना कधी वाकडं बोलले नाहीत, हीच तर पंचाईत होती. मी गेले की खुर्ची पुढे करायचे, डब्यातली कळण्याची भाकरी मोडून द्यायचे आणि म्हणायचे, "यंत्र चांगलं आहे ताई तुमचं. नाव ठेवायला जागा नाही." माझी पाठ वळली की पुन्हा चिठ्ठी. दसऱ्याला तर त्यांनी कमालच केली. सकाळी लवकर येऊन आठही कॉम्प्युटर स्वतः पुसले, हळदकुंकू वाहिलं, झेंडूच्या माळा घातल्या. मला भरून आलं, म्हटलं आता गाडी रुळावर आली. तेवढ्यात नानांनी सगळ्यांना सांगितलं, "पूजेतल्या वस्तूला हात लावायचा नसतो." दुसऱ्या दिवशी हार सुकले तरी कोणी ते काढेना.

दिवाळीला पंधरा दिवस उरले होते. मी नानांच्या टेबलासमोर जाऊन बसले आणि सरळ विचारलं, "नाना, माझं काय चुकलं ते तरी सांगा. मला परत जावं लागेल." एवढी गयावया केली, याची मला अजून लाज वाटते. नानांनी पेन्सिल खाली ठेवली.

"माझ्या सख्ख्या भाच्याचं लग्न होतं," ते म्हणाले. "पत्रिका टपालानं आली. मी गेलो नाही."

"पण नाना, पत्रिका तर आली होती ना?"

"कागद आला होता. माणूस आला नाही." मग परिपत्रक जिथे टाचलं होतं त्या फळ्याकडे बोट करून ते हळूच आपल्या बोलीत म्हणाले, "आम्हले बलावाले कोन उनं व्हतं?"

आम्हाला बोलवायला कोण आलं होतं, असं त्यांचं म्हणणं. खरं तर मला राग आला होता. या वयाच्या माणसाने मानपानासाठी एका पोरीची नोकरी अडवून धरावी, असं वाटलं. मावशीपाशी मी तडतड केली. मावशीने ऐकून घेतलं, उठून तांदळाला कुंकू लावलं, एक सुपारी घेतली आणि दोन्हीची पुडी माझ्या हातात ठेवली. म्हणाली, "चिडून झालं असेल तर जाऊन ये."

रविवारी पॅसेंजरने अमळनेरला उतरले. नानांचं घर विचारत विचारत गेले. नाना ओट्यावर बनियनवर बसून शेंगा सोलत होते. मला बघताच सदरा घालायला आत पळाले. त्यांची बायको, अक्का, पाणी घेऊन बाहेर आली. नाना आल्यावर मी पुडी उघडली, अक्षता आणि सुपारी त्यांच्या हातावर ठेवली. ऑफिसात मी कधी अहिराणी बोलायची नाही, गावठी म्हणतील या भीतीने. त्या ओट्यावर मात्र तीच तोंडात आली. "नाना, मंगळवारले आपला कारखानामा कॉम्प्युटरवर निरोप धाडाना शे. तुम्हले येनं पडी."

नाना हातातल्या तांदळाकडे बघत राहिले. मग अक्काला म्हणाले, "कुंकू आन. आंडेर घर उनी." लेक घरी आली, असं ते म्हणाले होते. अक्काने मला कुंकू लावलं आणि जेवल्याशिवाय उठू दिलं नाही. माझा राग कुठे गेला ते मला कळलंच नाही.

मंगळवारी नाना नवी कोरी टोपी घालून आले. खिशात अक्षतांची पुडी. स्वतः टेबलाटेबलावर जाऊन प्रत्येकाच्या हातात चार दाणे देत म्हणाले, "अकरा वाजता. आपल्या घरचं कार्य आहे." अकराला सगळे आपापल्या कॉम्प्युटरसमोर बसले. रुमाल निघाले, वाळके हार निघाले. नानांनी पहिला निरोप लिहिला. अक्षरं इंग्रजी, बोली अहिराणी, लिहायला पाव तास. हिरव्या चटयांचे गठ्ठे एरंडोलच्या गाडीत चढवा, एवढंच होतं ते. आठही पडद्यांवर ते एकदम उमटलं. नाना उठले, टोपी सारखी केली आणि पॅकिंगकडे विचारायला निघाले, निरोप भेटला का म्हणून.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी धाकटे शेठ पाहणीला आले. सगळे निरोप यंत्रातून जात होते. शेठ खूश दिसले, पण नाना तेवढ्यात तीनदा उठून जाऊन आले. शेठनी कपाळाला आठ्या घातल्या. "असंच चालायचं असेल तर मग हे सगळं कशाला आणलं?" 

"शेठ," नाना म्हणाले, "पहिले मी चिठ्ठी घेऊन काम सांगायला जायचो, तेव्हा माणसाशी बोलायला वेळ नव्हता. आता काम यंत्र सांगतं. मी माणसाला भेटून येतो."

शेठनी एकदा नानांकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बरं, राहू द्या." राहू द्या म्हणजे यंत्रं, आणि मीसुद्धा, हे मला दोन दिवसांनी पगारपत्रकात माझं नाव दिसलं तेव्हा कळलं. आईने यादी पेटीत ठेवून दिली.

दोन वर्षांनी माझं लग्न ठरलं, माझ्या पसंतीने आणि नोकरी न सोडता. तोवर नाना निवृत्त झाले होते. धांदलीत मी त्यांची पत्रिका चक्क टपालात टाकली, आणि आठवण झाली ती हळदीच्या दिवशी. धुळ्याच्या मांडवात माझं अर्धं लक्ष दाराकडे आणि अर्धं स्वतःला शिव्या देण्यात होतं. अक्षता पडायच्या वेळी पाहिलं तर दुसऱ्या रांगेत नवी टोपी आणि शेजारी अक्का. जेवताना मी खाली मान घालून म्हटलं, "नाना, मी बोलवायला आले नाही."

नानांनी जिलबीचा तुकडा माझ्या पानात ठेवला. "तुन्हं बलावनं माले त्या रविवारलेच भेटनं व्हतं."

नाना गेले त्या सकाळी मी ऑफिसातच होते. अमळनेरहून डिस्पॅचला फोन आला आणि तिथल्या माणसाने रीतीप्रमाणे तो निरोप सगळ्यांना धाडला. आठही पडद्यांवर एकदम तीन शब्द आले. दौलतनाना गेले, सकाळी. जो तो पडद्याकडे बघत बसला होता. मला वाटलं, आता कोणीतरी उठेल. कोणी उठलं नाही. मग मीच उठले, ओढणी सारखी केली आणि पहिल्या टेबलापाशी जाऊन विचारलं, "निरोप भेटला का?"